पहिलटकरणीच्या दारी परिचारिका

गरीब घरातील पहिलटकरणीसाठी शासनाने काय करावे, या प्रश्नाला बहुतेक देशांनी आजवर दोन उत्तरे दिली आहेत. पहिले, तिचे बाळंतपण रुग्णालयात व्हावे अशी व्यवस्था करणे; दुसरे, तिच्या हाती थोडीफार रोख रक्कम ठेवणे. अमेरिकेत मात्र जवळपास पन्नास वर्षांपासून एका तिसऱ्या उत्तराची चिकाटीने परीक्षा घेतली जात आहे. पहिल्यांदाच आई होणाऱ्या गरीब स्त्रीच्या घरी गरोदरपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंत एकाच प्रशिक्षित परिचारिकेने नियमाने जात राहावे, हे ते उत्तर. ‘नर्स-फॅमिली पार्टनरशिप’ या नावाने ओळखला जाणारा हा कार्यक्रम पुराव्यावर उभ्या असलेल्या सामाजिक योजनेचा नमुना म्हणून अनेक वर्षे वाखाणला गेला.

२०२२ या वर्षाने मात्र या कार्यक्रमाच्या पाठीराख्यांना आणि टीकाकारांना एकाच वेळी बळ दिले. त्या वर्षीच्या जुलैमध्ये साउथ कॅरोलिना राज्यातील मोठ्या चाचणीचे पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि प्रसूतीच्या वेळच्या परिणामांत या भेटींमुळे काहीही फरक पडल्याचे त्यात दिसले नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकी काँग्रेसने गृहभेटींच्या विविध कार्यक्रमांना मिळणाऱ्या संघराज्य निधीला मुदतवाढ दिली आणि वार्षिक ४० कोटी डॉलरची तरतूद टप्प्याटप्प्याने २०२७ पर्यंत ८० कोटी डॉलरवर नेण्याचे ठरविले. चाचणी निराशाजनक आणि निधी दुप्पट, हा विरोधाभास वरकरणी चमत्कारिक वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास गृहभेट कशामुळे फळते आणि कशामुळे नुसतीच नोंदवहीत उरते, हे समजू लागते. ज्या महाराष्ट्रात आशा स्वयंसेविका दररोज बाळंतिणींची दारे ठोठावत आहेत, त्या राज्याला हा प्रश्न परका नाही.

एल्मायरातील सुरुवात

या प्रयोगाचे जनक डेव्हिड ओल्ड्स १९७०च्या दशकाच्या आरंभी बाल्टिमोर शहरात गरीब वस्तीतील मुलांच्या पाळणाघरात काम करीत होते. तीन-चार वर्षांची मुले तेथे येत, तेव्हा त्यांपैकी काहींचे नुकसान आधीच होऊन गेलेले असे. कोणाची आई गरोदरपणी व्यसनाधीन होती, कोणाला घरात मार बसत होता. मूल पाळणाघरात येईपर्यंत थांबणे म्हणजे उशीर करणे, असा निष्कर्ष ओल्ड्स यांनी काढला. पुढे कॉर्नेल विद्यापीठात बालविकासाचे अभ्यासक युरी ब्रॉन्फेनब्रेनर यांच्या हाताखाली संशोधन करताना या विचाराला शास्त्रीय बैठक मिळाली.

प्रयोगासाठी निवडलेले एल्मायरा हे न्यूयॉर्क राज्यातील लहानसे शहर. १९७२च्या महापुराने आणि उतरणीला लागलेल्या कारखानदारीने ते खचलेले होते. बालकांच्या छळाच्या नोंदींत या भागाचा क्रमांक राज्यात वरचा होता. १९७८पासून तेथे ४०० गर्भवती स्त्रियांची नोंदणी करण्यात आली. त्या साऱ्या पहिलटकरणी होत्या आणि त्यांतील बहुसंख्य एकतर वीस वर्षांच्या आतील, अविवाहित किंवा गरीब होत्या. कोणाकडे परिचारिका जाईल आणि कोणाकडे जाणार नाही, हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविण्यात आले. औषधाची परीक्षा जशी घेतली जाते तशीच समाजसेवेचीही घ्यावी, हा आग्रह त्या काळी दुर्मीळ होता.

पहिलटकरीणच का, याचे उत्तर साधे आहे. पहिल्या खेपेला प्रत्येक स्त्री धास्तावलेली असते, विचारण्यास उत्सुक असते आणि सवयी अजून घट्ट झालेल्या नसतात. पहिल्या बाळासोबत ती जे शिकते, ते पुढच्या मुलांनाही उपयोगी पडते. भेटींची उद्दिष्टेही तीन आणि नेमकी होती. गर्भारपण निरोगी व्हावे. बाळाची काळजी जाणतेपणाने घेतली जावी. आणि आईचे स्वतःचे आयुष्य, म्हणजे तिचे शिक्षण, रोजगार आणि पुढचे मूल कधी याचा निर्णय, मार्गी लागावे. यातील तिसरे उद्दिष्ट सर्वांत महत्त्वाचे म्हणावे लागेल. एरवी आरोग्यसेवा बाळंतिणीकडे बाळाची वाहक म्हणून पाहते; येथे ती स्वतंत्र व्यक्ती म्हणून विचारात घेतली गेली.

पंधरा वर्षांनी मिळालेले उत्तर

या प्रयोगाचे खरे फळ दिसायला दीड दशक लागले. १९९७ आणि १९९८मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पंधरा वर्षांनंतरच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरी गरोदरपणात आणि नंतरही परिचारिका जात राहिली, तेथे मुलांच्या छळाच्या वा हेळसांडीच्या सिद्ध झालेल्या नोंदी प्रत्येक मातेमागे सरासरी ०.२९ होत्या, इतर घरांत हे प्रमाण ०.५४ होते. अविवाहित आणि गरीब मातांच्या मुलांना पंधरा वर्षांच्या वयापर्यंत झालेल्या अटकेचे प्रमाणही निम्म्याहून कमी भरले. बाळाला पाजावे कसे आणि रडल्यावर घ्यावे कसे, हे सांगणाऱ्या परिचारिकेचा संबंध त्या बाळाच्या पंधराव्या वर्षीच्या पोलीस ठाण्यातील नोंदीशी असू शकतो, ही गोष्ट धोरणकर्त्यांना थक्क करणारी होती. रँड या संशोधन संस्थेने २००५मध्ये केलेल्या हिशेबानुसार, सर्वाधिक जोखमीच्या कुटुंबांवर खर्च झालेल्या प्रत्येक डॉलरमागे समाजाला ५.७० डॉलर परत मिळत होते.

तथापि, याच प्रयोगाने स्वतःच्या मर्यादाही दाखवून दिल्या. ज्या घरांत स्त्रीला वारंवार मारहाण होत होती, तेथे मुलांच्या छळात घट झाली नाही. परिचारिका आठवड्यातून वा पंधरवड्यातून तासभर येते. मारणारा हात उरलेला सगळा वेळ घरातच असतो. ही पाहणी २०००मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेकांना ती अडचणीची वाटली. प्रत्यक्षात ती या कार्यक्रमाच्या प्रामाणिकपणाची साक्ष होती. मुले एकोणीस वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहणी झाली, तेव्हा गुन्ह्यांबाबतचा लाभ मुलींमध्ये टिकून होता. मुलग्यांमध्ये तो ओसरला होता.

एल्मायरातील मातांत गोऱ्या स्त्रियांचे प्रमाण मोठे होते. तेथील अनुभव इतरत्र लागू पडेल का, अशी शंका असल्याने ओल्ड्स यांनी कार्यक्रमाच्या विस्ताराची घाई केली नाही. १९९०मध्ये मेम्फिस येथे अकराशेहून अधिक, प्रामुख्याने कृष्णवर्णीय स्त्रियांवर दुसरी चाचणी सुरू झाली. तेथेही लागोपाठची बाळंतपणे कमी झाली आणि दुखापतीमुळे मुलांना रुग्णालयात काढावे लागलेले दिवस घटले. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या पाठपुराव्यात टाळता येण्याजोग्या कारणांनी झालेल्या मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गटातील मुलांत १.६ टक्के होते. परिचारिका गेलेल्या घरांत असा एकही मृत्यू नव्हता. ही संख्या लहान आहे आणि तिच्यावर फार मोठा इमला उभारू नये, हे खरे. परंतु तिच्याकडे दुर्लक्ष करणेही सोपे नाही.

परिचारिकाच का?

कोणत्याही अर्थखात्याला पडेल असा प्रश्न यानंतर पुढे आला. परिचारिका महाग असते. मग तिच्याऐवजी त्याच वस्तीतील, शालेय शिक्षण झालेली, थोडे प्रशिक्षण दिलेली स्त्री पाठविली तर चालणार नाही काय? हा प्रश्न तर्काने न सोडविता पुराव्याने सोडविण्याचे ठरले. १९९४मध्ये डेन्व्हर येथे ७३५ स्त्रियांचे तीन गट करण्यात आले. एका गटाकडे परिचारिका गेल्या, दुसऱ्याकडे प्रशिक्षित पण परिचारिका नसलेल्या कार्यकर्त्या गेल्या आणि तिसऱ्या गटाला केवळ नेहमीची सेवा मिळाली. कार्यक्रमाचा आराखडा तोच, भेटींचा काळही तोच. दोन वर्षांनंतर कार्यकर्त्यांच्या गटात दिसलेला लाभ परिचारिकांच्या गटाच्या सुमारे निम्मा होता आणि तोही बहुतांश बाबतीत संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरत नव्हता.

याचे कारण परिचारिकेच्या हातातील उपकरणांत शोधण्यापेक्षा तिच्या शब्दाला मिळणाऱ्या वजनात शोधावे लागते. गरोदर मुलीच्या मनातील पहिली भीती शरीराविषयीची असते. सूज आली तर काय, बाळ हलले नाही तर काय, कळा खऱ्या की खोट्या, हे तिला विचारायचे असते. ज्या बाईला या प्रश्नांची उत्तरे खात्रीने देता येतात, तिच्यापुढेच पुढचे, अधिक नाजूक प्रश्न निघतात. नवरा दारू पितो, शाळा सोडावी लागली, दुसरे मूल एवढ्यात नको आहे, हे बोलणे पाचव्या-सहाव्या भेटीत होते. पहिल्या भेटीत विश्वास कमावला गेला तर दार पुढेही उघडे राहते. शिवाय एका परिचारिकेकडे साधारण २५ कुटुंबेच असतात. त्यामुळे तिला बसायला वेळ असतो.

इंग्लंड आणि साउथ कॅरोलिनाची परीक्षा

असा गाजलेला कार्यक्रम इतर देशांनी उचलला नसता तरच नवल. इंग्लंडने २००७मध्ये ‘फॅमिली नर्स पार्टनरशिप’ या नावाने तो सुरू केला आणि सुदैवाने त्याची स्वतंत्र चाचणीही घेतली. १८ ठिकाणच्या १,६४५ किशोरवयीन पहिलटकरणींवर झालेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. गरोदरपणाच्या अखेरीस होणारे धूम्रपान, बाळाचे वजन, दोन वर्षांच्या आत पुन्हा गर्भधारणा आणि बाळाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागण्याचे प्रसंग, या चार मुख्य कसोट्यांपैकी एकीवरही फरक आढळला नाही. पुढे २०२१मधील पाठपुराव्यात या मुलांची शाळेसाठीची तयारी थोडी सरस दिसली, एवढाच काय तो दिलासा.

साउथ कॅरोलिनाची चाचणी तर आकाराने याहून कितीतरी मोठी होती. गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ या शासकीय आरोग्य विम्यास पात्र असलेल्या ५,६७० स्त्रिया २०१६ ते २०२० या काळात तिच्यात सहभागी झाल्या. मुदतपूर्व जन्म, कमी वजन, गर्भात खुंटलेली वाढ किंवा जन्माच्या आसपास मृत्यू, यांपैकी काहीतरी घडलेल्या बाळंतपणांचे प्रमाण परिचारिका गेलेल्या गटात २६.९ टक्के आणि न गेलेल्या गटात २६.१ टक्के आढळले. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच.

या निष्कर्षांवरून गृहभेटी निरुपयोगी आहेत असे म्हणणे जितके उतावळेपणाचे, तितकेच या चाचण्यांतच खोट काढणेही. तुलना कशाशी झाली, हे येथे पाहावे लागते. इंग्लंडमध्ये ज्या मुलींकडे हा विशेष कार्यक्रम गेला नाही, त्या काही वाऱ्यावर सोडलेल्या नव्हत्या. राष्ट्रीय आरोग्य सेवेची सुईण त्यांना तपासत होती आणि बाळंतपणानंतर ‘हेल्थ व्हिजिटर’ म्हणजे घरी येणारी आरोग्यसेविका, जिची परंपरा तेथे एकोणिसाव्या शतकापासून आहे, त्यांच्या दारी येतच होती. भरलेल्या भांड्यात आणखी पाणी ओतले तर ते वाढलेले दिसत नाही. एल्मायरात १९७८मध्ये ज्या मुलींकडे परिचारिका गेली नाही, त्यांच्याकडे दुसरे कोणी फारसे जाणारे नव्हते. तेथे मुदतपूर्व प्रसूतीत घट दिसली होती ती मुख्यतः धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांत. आणि तेव्हाच्या तुलनेत आज अमेरिकेत धूम्रपान खूपच कमी झाले आहे. जो रोग परिचारिका बरा करू शकत होती, तोच ओसरला असेल तर तिच्या भेटीचा परिणामही त्या कसोटीवर ओसरणार.

दुसरा मुद्दा कसोटीचाच. एल्मायराचे सर्वांत मोलाचे लाभ प्रसूतीच्या वेळी दिसले नव्हते; ते पंधरा वर्षांनी दिसले. शासनाला मात्र उत्तर अंदाजपत्रकाच्या आत हवे असते. मोजायला सोपे ते आधी मोजले जाते आणि मग तेच कार्यक्रमाचे उद्दिष्ट मानले जाऊ लागते. साउथ कॅरोलिनाचा निष्कर्ष बाळाच्या जन्मापुरता खरा मानलाच पाहिजे. गरीब आईच्या घरी जाण्याचे एकमेव प्रयोजन बाळाचे वजन वाढविणे हेच होते काय, हा त्यापुढचा प्रश्न आहे.

गडचिरोलीचा वेगळा मार्ग

अमेरिकेत परिचारिकेला पर्याय नाही हे सिद्ध होत असतानाच, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला नेमका उलटा वाटणारा पुरावा तयार होत होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत नवजात बालकांच्या घरोघरी सेवेचा प्रयोग केला. तुलनेसाठी ४७ गावे घेतली. तेथे जाणाऱ्या स्त्रिया परिचारिका नव्हत्या. पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या, त्याच गावच्या बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार करण्यात आले होते. तरीही दर हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत २५.५वर आला; तुलनेच्या गावांत तो ६०च्या घरातच राहिला. डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले आणि २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली.

मग डेन्व्हर खरे की गडचिरोली? दोन्ही खरे. डेन्व्हरच्या घरांत मूल जगणार हे गृहीत होते. प्रश्न होता आईच्या आयुष्याचा आणि तिच्या विश्वासाचा. गडचिरोलीत बाळ पहिल्या महिन्यातच जंतुदोषाने, न्यूमोनियाने, थंड पडून किंवा जन्मतः श्वास न घेतल्याने दगावत होते. काम नेमके होते आणि ते नेमकेपणाने शिकविता येत होते. श्वास मोजणे, वजन करणे, बाळाला उबदार ठेवणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि जंतुदोष दिसल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे आरोग्यदूताला पक्के येत होते. तिच्यामागे नियमित पर्यवेक्षण होते आणि अडचणीत धाव घेण्यासाठी दवाखाना होता. पदवी नसली तरी तिच्या हातात त्या घराला हवे असलेले कौशल्य होते. दोन्ही प्रयोगांतून निघणारा अर्थ एकच. दारात येणाऱ्या बाईला त्या घराच्या गरजेचे काम खरोखर येत असले पाहिजे आणि घराला तिच्यावर विसंबता आले पाहिजे.

हा अर्थ योजना देशभर नेताना मात्र निसटला. २०११मध्ये केंद्र सरकारने आशांमार्फत नवजात शिशूंची घरी काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी, घरच्या प्रसूतीनंतर पहिल्या दिवसाची आणखी एक आणि सर्व भेटी पूर्ण केल्यावर आशाला २५० रुपये. भेटींचे वेळापत्रक गडचिरोलीच्या अनुभवातून आले. इंजेक्शन देण्याचे काम मात्र आशाकडे आले नाही. तिने लक्षणे ओळखावीत आणि बाळाला पुढे पाठवावे, एवढेच ठरले. वैद्यकीय सावधगिरी म्हणून या निर्णयाचे समर्थन करता येईल. परंतु ज्या गावातून रात्री वाहन मिळत नाही, तेथे ‘पुढे पाठवा’ या सल्ल्याची किंमत काय, हे त्या गावच्या बाळंतिणीलाच ठाऊक. कार्यक्रम कागदावर तोच राहिला आणि त्यातील सर्वांत अवघड, सर्वांत मोलाचा भाग गळाला.

सव्वा महिन्यानंतर काय?

या त्रुटी असूनही राज्याने मोठा पल्ला गाठला, हे नाकारता येणार नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांमध्ये झाल्या. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२०मध्ये राज्याचा नवजात मृत्युदर हजारी ११ होता. मात्र त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षांच्या आत झाल्याचेही आढळले. म्हणजे बाळ वाचविण्याची लढाई बरीच पुढे सरकली असताना, त्या बाळाची आई अनेक घरांत स्वतःच अल्पवयीन असते. गडचिरोलीच्या प्रश्नाबरोबर एल्मायराचा प्रश्नही आता महाराष्ट्राच्या दारी आला आहे.

त्या प्रश्नाला सामोरे जाताना येथील कुटुंबव्यवस्थेची एक जुनी रीत विचारात घ्यावी लागते. पहिले बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरली की मुलगी माहेरी जाते, तेथेच बाळंत होते, सव्वा महिना घराबाहेर पडत नाही आणि दोन-तीन महिन्यांनी बाळाला घेऊन सासरी परतते. गरोदरपणाची नोंद सासरच्या आशाकडे, बाळंतपणानंतरच्या सहा भेटी माहेरच्या आशाकडे. २०१८पासून सुरू झालेल्या बालसंगोपनाच्या पुढील पाच भेटी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात होतात. त्या पुन्हा सासरच्या आशाकडे. तीन टप्पे आणि दोन गावे. ज्या कार्यक्रमाचे सारे बळ एकाच ओळखीच्या चेहऱ्यात आहे, तो येथे नेमक्या पहिलटकरणीच्याच बाबतीत तुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाई बहुधा सासरीच बाळंत होते; तिला तीच आशा भेटते. जिला सर्वाधिक गरज, तिचाच धागा सर्वाधिक वेळा तुटावा, हा या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष आहे. ऊसतोडणीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या बीडसारख्या जिल्ह्यांतील कुटुंबांत तर माहेर आणि सासर या दोन्ही याद्यांतून ती निसटते. फडावरच्या कोपीला गावच्या नोंदवहीत जागा नसते.

यात आशांना बोल लावण्याचे कारण नाही. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, तिच्यावर लसीकरणापासून सर्वेक्षणापर्यंतची कामे आणि मोबदला कामागणिक. सहा भेटींना अडीचशे रुपये, म्हणजे एका भेटीला चाळीस-बेचाळीस रुपये. पुढच्या पाच भेटींना प्रत्येकी पन्नास. एवढ्या मोबदल्यात ती दारात उभी राहून बाळाचे वजन आणि ताप पाहील. आईजवळ तासभर बसून तिचे मन ऐकेल, ही अपेक्षा रास्त नव्हे. मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांना जागतिक पुरस्कार दिला. त्यानंतरही, २०२३मध्ये, मानधनासाठी महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले.

रोख मदतीचेही तसेच. २०१७पासूनच्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये दिले जातात. म्हणजे पहिलटकरणीला वेगळा आधार हवा, हे तत्त्व शासनाला मान्य आहे. परंतु ते खात्यात पैसे जमा करण्यापुरतेच मान्य आहे. पैशाचे मोल गरिबाला सांगण्याची गरज नाही. तरीही दूध कमी येते म्हणून रडणाऱ्या, रात्र-रात्र जागून खचलेल्या, दुसरे मूल लगेच नको हे घरात सांगू न शकणाऱ्या मुलीला बँकेचा संदेश पुरेसा पडत नाही.

काय करता येईल

अमेरिकेचा कार्यक्रम जसाच्या तसा येथे आणावा, असा याचा अर्थ नाही. इंग्लंडने तो आणून पाहिला आणि त्याची मर्यादा अनुभवली. महाराष्ट्राला आधी आपल्या गरजेचे नेमके वर्णन करावे लागेल. ज्या दुर्गम तालुक्यांत नवजात मृत्यू अजूनही अधिक आहेत, तेथे आशाला कौशल्य आणि औषध दोन्ही देण्याचा विचार पुन्हा झाला पाहिजे. अन्यत्र, विशेषतः वीस वर्षांच्या आतील पहिलटकरणींसाठी, परिचारिका किंवा प्रशिक्षित आरोग्यसेविकेच्या भेटींचा वेगळा, लहान कार्यक्रम आखता येईल. तिच्याकडे मोजकीच घरे असावीत, गरोदरपण ते मुलाचा दुसरा वाढदिवस एवढा काळ असावा आणि मुलगी माहेरी वा फडावर गेली तर तिची नोंद तिच्यामागोमाग जाण्याची सोय असावी. नवी गावे टप्प्याटप्प्याने घेऊन, आधी घेतलेल्या आणि न घेतलेल्या गावांची तुलना केली तर पुरावाही हाती येईल. तो पुरावा प्रतिकूल निघाल्यास ते मान्य करण्याची तयारीही हवी. ओल्ड्स यांनी ती दाखविली, बंग दांपत्याने दाखविली; शासकीय योजनांत ती क्वचितच दिसते.

सर्वांत अवघड गोष्ट खर्चाची आहे आणि तेथे घासाघीस होणार हे उघड आहे. भेटी सहावरून आठ करणे सोपे असते. भेटीला जाणाऱ्या बाईचे शिक्षण, पगार आणि तिच्या हातातील अधिकार वाढविणे महाग पडते. पन्नास वर्षांच्या अनुभवाचा कौल मात्र त्या महाग बाजूनेच आहे. काटकसर करायचीच झाली तर ती भेटींच्या संख्येत करावी. दार ठोठावणाऱ्या बाईच्या तयारीत करू नये. कारण ती बाई निघून गेल्यावर बाळाला मांडीवर घेऊन एकटी बसलेली मुलगी, तिने सांगितलेल्या दोन गोष्टींच्याच आधारावर पुढची रात्र काढणार असते.